दया, विद्वत्ता, हक्क : तुरुंगातील लेखकासाठी केलेल्या अर्जांची भाषा

१८९८ सालाच्या आरंभी इंग्लंडमधून राणी व्हिक्टोरियाच्या सरकारकडे एक विनंतिअर्ज गेला. ऑक्सफर्डचे मॅक्सम्युलर, सर विल्यम हंटर, कलकत्त्याचे माजी मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड गार्थ, दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त अशांच्या त्यावर सह्या होत्या. ज्यांच्यासाठी अर्ज होता ते बाळ गंगाधर टिळक राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची सक्तमजुरी भोगत होते. ‘ओरायन’ हा त्यांचा वेदकालनिर्णयावरील ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध झाला होता आणि त्यामुळेच मॅक्सम्युलर त्यांना ओळखत होते. अर्जाचा सारा भर या ओळखीवर होता. कैदी हा संस्कृत विद्येचा गंभीर अभ्यासक आहे, त्याची प्रकृती ढासळते आहे, सरकारने दयाबुद्धी दाखवावी, एवढेच त्याचे म्हणणे. ज्या मजकुरासाठी शिक्षा झाली त्या मजकुराच्या बाजूने अर्ज काही बोलत नव्हता.

६ सप्टेंबर १८९८ रोजी, मुदतीपूर्वी सुमारे सहा महिने, टिळक सुटले. मराठी चरित्रकारांनी या प्रसंगाकडे विद्याबंधुत्वाचे उदाहरण म्हणून पाहिले आणि ते चुकीचे नाही. परंतु मतांसाठी तुरुंगात गेलेल्या लेखकाच्या सुटकेची खटपट हा एक वाङ्मयव्यवहारही असतो. अर्ज, निवेदन, ठराव, माफीपत्र ही त्याची रूपे. त्यांची स्वतःची संकेतव्यवस्था असते. कोणाला उद्देशून बोलायचे, लेखकाचे कोणते रूप पुढे करायचे आणि कशाविषयी मौन पाळायचे, हे त्या संकेतांनी ठरते. १८९८ चा अर्ज यशस्वी झाला त्याचे एक कारण त्याचे हे मौन होय. पंडिताला वाचवण्यासाठी संपादकाला बाजूला ठेवावे लागले. माणूस सुटला, त्याने छापलेला शब्द मात्र दोषीच राहिला.

हा शब्द कसा दोषी ठरला हे पाहिल्याखेरीज त्या मौनाची किंमत कळणार नाही. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’तील दोन गोष्टी खटल्याच्या केंद्रस्थानी होत्या. एक, टोपणनावाने आलेली, शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली पद्यरचना. दुसरी, शिवाजी उत्सवाचा वृत्तान्त, ज्यात प्रा. चिंतामण गंगाधर भानू यांनी अफजलखानाच्या वधावर केलेल्या विवेचनाचा गोषवारा होता. म्हणजे काल्पनिक वक्ता, टोपणनावाचा कवी, व्यासपीठावरील प्राध्यापक, वार्ताहर आणि संपादक असे निदान पाच आवाज त्या अंकात होते. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यासमोर ते सर्व एका आरोपीच्या हेतूत विलीन झाले. कायद्यातील ‘अप्रीती’ या अर्थाच्या शब्दाचा अर्थ प्रीतीचा अभाव असा त्यांनी ज्यूरीला समजावून दिला, तेव्हा कोणत्याही संहितेला या व्याख्येबाहेर राहणे अवघड झाले. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपीयांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष. निवाडा देणाऱ्या बहुसंख्यांना मूळ भाषा अवगत नव्हती. त्यांनी जे वाचले ते सरकारी भाषांतर होते.

लंडनच्या अर्जदारांनाही, एकदोन अपवाद वगळता, ‘केसरी’ वाचता येत नव्हता. मॅक्सम्युलर यांना ऋग्वेद येत होता, समकालीन मराठी नव्हे. तुरुंगातील टिळकांना त्यांनी ऋग्वेदाच्या आपल्या आवृत्तीची प्रत पाठवली यात त्यांचे औदार्य आहे, तसा एक अर्थपूर्ण योगायोगही आहे. पुस्तक पाठवणाऱ्याच्या दृष्टीने कैद्याची भाषा वैदिक संस्कृत होती. शिक्षा झाली होती ती मराठीला.

त्याच वर्षी साताऱ्याकडे इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ पत्रावरही राजद्रोहाचा खटला झाला. कॅनडाच्या स्वराज्याचा दाखला देणारा लेख हे त्याचे निमित्त. सत्र न्यायालयाने संपादकाला जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. उच्च न्यायालयात ती एका वर्षावर आली. राजद्रोहाच्या कायद्याच्या इतिहासात हा खटला न्यायनिवाड्यांच्या संग्रहातून टिकून आहे, मराठी वाङ्मयेतिहासात जवळजवळ नाही. इस्लामपूरच्या संपादकाचा ‘ओरायन’ नव्हता. विद्वत्तेच्या आधारे दयेचा अर्ज करण्याची प्रथा एकदा पडली की विद्वान नसलेल्या लेखकाचे काय, हा प्रश्न तिच्याच पोटातून निघतो.

दुसरी भाषा उपलब्धच नव्हती असे मात्र नाही. फेब्रुवारी १८९८ मध्ये राजद्रोहाचा कायदा अधिक कडक होत असताना रवींद्रनाथ ठाकुरांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये ‘कंठरोध’ हा निबंध वाचला. टिळकांच्या खटल्यासाठी बंगालमध्ये निधी जमवण्यातही त्यांचा हात होता. निबंधाचा विषय एका कैद्याची सुटका हा नव्हता. ज्या प्रजेचे बोलणे बंद होते तिला राज्यकर्ते समजून घेणार कसे, हा त्याचा रोख होता. म्हणजे लंडनचा अर्ज आणि कलकत्त्याचा निबंध एकाच घटनेतून, एकाच मोसमात जन्माला आले आणि त्यांत एका माणसाची गोष्ट व एका हक्काची गोष्ट वेगवेगळी झाली. डिसेंबर १८९७ च्या अमरावती काँग्रेसमध्येही सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी टिळकांविषयीची सहानुभूती उघड बोलून दाखवली होती. त्या अधिवेशनाच्या स्वागत समितीचे अध्यक्ष होते वऱ्हाडातले वकील गणेश श्रीकृष्ण खापर्डे. त्यांच्याकडे पुढे यावे लागेल.

याआधीची एक घटना येथे आठवली पाहिजे, कारण तिच्यात अर्जाऐवजी जामीन आणि माफी आहे. १८८२ साली कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांत मजकूर आला. आधारभूत पत्रे बनावट निघाली, संपादकांनी माफी मागितली, तरी टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगातले एकशे एक दिवस आगरकरांच्या पुस्तकामुळे मराठी वाचकाला परिचित आहेत. त्या वेळी जोतीराव फुल्यांच्या प्रयत्नाने सत्यशोधक समाजाचे रामशेठ बापूशेठ उरवणे दहा हजार रुपयांना जामीन राहिले. ज्यांचे सामाजिक विचार ‘केसरी’कर्त्यांशी जुळत नव्हते त्यांनी ‘केसरी’कर्त्यांसाठी जामीन द्यावा, यात मराठीतील लेखनस्वातंत्र्याच्या चळवळीचे एक वेगळे बीज होते. उरवण्यांना जामीन राहण्यासाठी संपादकांच्या मताशी सहमत व्हावे लागले नाही आणि त्यांच्या पांडित्याचे प्रमाणपत्रही मागावे लागले नाही. हे बीज फारसे रुजले नाही, हा नंतरच्या मराठी सार्वजनिक जीवनाचा इतिहास आहे आणि तो अभिमानाने सांगण्यासारखा नाही.

१९०८ साली सगळी मांडणी बदलली. मॅक्सम्युलर १९०० मध्येच निवर्तले होते. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर ‘केसरी’त आलेल्या १२ मे आणि ९ जूनच्या लेखांवरून टिळकांना २४ जूनला अटक झाली. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांना त्याच सुमारास एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. टिळकांनी स्वतः चालवलेला बचाव एकवीस तासांहून अधिक लांबला. राजकीय वक्तृत्वाचा नमुना म्हणून त्याची प्रशंसा होते, पण त्याचा मोठा भाग भाषांतरमीमांसेचा आहे. मराठी शब्दाची छटा इंग्रजीत कशी बदलते, एखादा शब्द वादाच्या ओघात कोणाला उत्तर म्हणून आला आहे, वाक्य संदर्भातून उचलले की काय होते, हे आरोपी ज्यूरीला समजावत होता. अर्थनिर्णयनाच्या मराठी विचाराचा इतिहास कोणी लिहिला तर या भाषणाला त्यात जागा द्यावी लागेल. सात विरुद्ध दोन मतांनी ज्यूरीने दोषी ठरवले. न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली. हेच दावर १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे होते.

यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी दिलेले उत्तर हा या इतिहासातील अर्जाबाहेरचा पहिला मोठा प्रसंग. शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस असे सहा दिवस गिरण्या बंद राहिल्या, गोळीबार झाला, माणसे मेली. लेनिनने त्याच वर्षी आपल्या लेखात या संपाची नोंद घेतली. त्या कामगारांपैकी फार थोड्यांनी ‘केसरी’ स्वतः वाचला असेल. संहितेशी त्यांचा संबंध ऐकीव होता. तरी त्यांच्या कृतीत एक गोष्ट होती जी लंडनच्या अर्जात नव्हती: त्यांनी दया मागितली नाही. शिक्षा मोजली आणि मोजून परत केली.

नागपूरची कथा या दोन टोकांच्या मधली आहे. १९०७ चे काँग्रेस अधिवेशन नागपुरास ठरलेले होते. जहालांचा जोर पाहून ते सुरतेस हलवण्यात आले आणि तेथे मोडले. त्याच वर्षी माधवराव सप्रे यांनी नागपुरात ‘हिंदी केसरी’ सुरू केला, आणि अच्युत बळवंत कोल्हटकर ‘देशसेवक’ चालवत होते. मध्यप्रांतात तेव्हा विधिमंडळ नव्हते. चीफ कमिशनर रेजिनाल्ड क्रॅडॉक यांचा कारभार होता. मुंबईत एखादा मेहता कौन्सिलात प्रश्न विचारू शके, नागपूरकरांना तीही सोय नव्हती. मुंबईला उच्च न्यायालय होते, येथे ज्युडिशियल कमिशनरचे कोर्ट. सार्वजनिक मताचे व्यासपीठ म्हणजे वृत्तपत्र, आणि तेच आरोपी.

या वृत्तपत्रांचा वाचक केवळ सीताबर्डी आणि महालातला नव्हता असे मानायला जागा आहे. कन्हानकाठचे खापा, तसेच उमरेड आणि मोवाड ही नागपूर जिल्ह्यातील विणकरांची जुनी गावे. नागपुरी काठाचे कापड तेथल्या मागांवर विणले जाई आणि नागपूरच्या बाजारात येई. स्वदेशीचा प्रश्न तेथे पोटाचा प्रश्न होता. गिरणीच्या सुताने आणि परदेशी मालाने विणकराचे काय केले हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्या काळी गावात साप्ताहिकाचा एक अंक आला की तो मोठ्याने वाचला जाई आणि एका वर्गणीदारामागे अनेक श्रोते असत. कलम १२४-अ नागपूरच्या छापखान्यावर चालले तरी त्याने अशा गावातली पारावरची बैठकही गप्प केली असणार. संपादकाच्या सुटकेच्या कोणत्याही अर्जात या श्रोत्याची सही नसते. ज्याला वाचायला मिळणे बंद झाले तो पक्षकार ठरत नाही, हा या सर्व अर्जांच्या संकेतव्यवस्थेतला कायमचा दोष आहे.

ऑगस्ट १९०८ मध्ये सप्रे पकडले गेले. कोल्हटकरांनाही राजद्रोहाखाली शिक्षा झाली. सप्रे यांनी माफी लिहून दिली आणि ते सुटले. वडील बंधूंच्या निकराच्या आग्रहापुढे त्यांचा निरुपाय झाला, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. हिंदी वाङ्मयेतिहास सप्रे यांना आद्य कथाकारांत आणि संपादकांत मानाचे स्थान देतो व माफीचा उल्लेख घाईने करून पुढे जातो. मराठी वाङ्मयेतिहास या मराठी माणसाला हिंदीचा म्हणून सोडूनच देतो. दोघांचीही अडचण एकच: माफीपत्र हा वाङ्मयप्रकार वाचायचा कसा हे त्यांना ठाऊक नाही. माफीपत्रात कर्ता ‘मी’ असतो, पण शब्द सरकारचे असतात. कैद्याने मनापासून लिहिले की नाही हा प्रश्न तेथे गैरलागू आहे. सरकारला मन बदलायचे नसून छापील पुरावा हवा असतो. म्हणूनच १८९७ साली माफी मागण्याचा मित्रांचा सल्ला टिळकांनी मानला नाही. पण तो नकार पेलण्यासाठी त्यांच्यामागे कलकत्त्याचा निधी होता, उच्च न्यायालयातले नामांकित बॅरिस्टर होते, प्रिव्ही कौन्सिलपुढे अ‍ॅस्क्विथसारखा वकील होता. सप्रे यांच्यामागे एक घाबरलेले कुटुंब होते. या दोन निर्णयांची तुलना करणाऱ्याने दोन पारडी समान आहेत असे गृहीत धरू नये.

सप्रे यांनी स्वतःला मात्र माफ केले नाही. काही काळ ते विरक्त होऊन राहिले, रामदासांचा ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत आणला, आणि मंडालेच्या तुरुंगात लिहिल्या गेलेल्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद केला तोही त्यांनीच. कैद्यासाठी जे काही करता येते त्यात त्याचे लेखन दुसऱ्या भाषेच्या वाचकापर्यंत नेणे हेही एक आहे, आणि सह्यांच्या यादीपेक्षा ते अधिक श्रमाचे आहे.

आता खापर्डे. शिर्डीच्या साईबाबांच्या सहवासातील रोजनिशीमुळे भाविकांना ते माहीत असतात. त्याच रोजनिशीकाराची त्याआधीची दोन वर्षे लंडनमध्ये गेली हे सहसा लक्षात घेतले जात नाही. ऑगस्ट १९०८ मध्ये, टिळकांच्या शिक्षेनंतर महिन्याच्या आत, चाललेली वकिली बाजूला सारून ते इंग्लंडला निघाले. प्रिव्ही कौन्सिलमध्ये परवानगीचा अर्ज फेटाळला गेला. भारतमंत्री होते जॉन मोर्ले: व्हॉल्तेअरचे चरित्रकार, तडजोडीच्या नीतीवर पुस्तक लिहिणारे, मिलच्या परंपरेतले उदारमतवादी, ज्यांची पुस्तके वाचून पुण्या-नागपुरातली एक पिढी लेखनस्वातंत्र्याची भाषा शिकली होती. टिळकांवरील खटला शहाणपणाचा नव्हता असे मोर्ले यांचे खाजगी मत होते, त्यांच्या पत्रव्यवहारात ते दिसते. खाजगी मत खाजगीच राहिले. उदारमतवादी ग्रंथकार मंत्री झाला म्हणजे त्याच्याच ग्रंथाचा दाखला त्याला देता येतो, पण त्याने तो ऐकावा अशी व्यवस्था कोठेच नसते.

खापर्ड्यांच्या खटपटीचा पाया १८९८ च्या अर्जाहून वेगळा होता. टिळक मोठे विद्वान आहेत एवढ्यावर त्यांना थांबायचे नव्हते. खटला चुकीचा चालला, ज्यूरीला मजकूर समजला नाही, कायद्याचा अर्थ ताणला गेला, असे त्यांना सिद्ध करायचे होते. म्हणजे या वेळी संहिता बाजूला ठेवलेली नव्हती. आणि ही खटपट पूर्णपणे फसली. १९१० मध्ये ते ब्रह्मदेशमार्गे परतले, मंडालेला टिळकांना भेटले. टिळक जून १९१४ पर्यंत तेथेच राहिले. मजकुराविषयी मौन पाळणाऱ्या अर्जाला सहा महिन्यांची सूट मिळाली, मजकुरावर बोट ठेवणाऱ्याला काहीच नाही. सुटकेच्या सोयीने विचार केला तर मॅक्सम्युलर यांचा मार्ग शहाणपणाचा ठरतो. वाङ्मयीन आणि राजकीय विचाराच्या दृष्टीने खापर्ड्यांचा पराभव अधिक मोलाचा आहे, कारण त्यात एका मराठी लेखाचा अर्थ लावण्याचा अधिकार सोडून दिलेला नव्हता.

१९२१ साली लंडनमध्ये लेखकांची पेन ही संघटना निघाली. १९३३ मध्ये सोफिया वाडिया यांनी तिचे हिंदी केंद्र मुंबईत काढले. पेनने कैदी लेखकांसाठी स्वतंत्र समिती १९६० मध्ये नेमली आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅम्नेस्टी जन्माला आली. मताशी सहमत नसतानाही मत असण्याचा हक्क मान्य करायचा, हे त्यांचे तत्त्व उरवण्यांच्या जामिनाशी नाते सांगते. महाराष्ट्रात या तत्त्वाची कसोटी आणीबाणीत लागली. डिसेंबर १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना, अटकेत आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. अर्जाच्या इतिहासात हा लक्षणीय बदल आहे. विनंती होती, पण ती सरकारला नव्हती. व्यासपीठावरील सत्तेला ऐकू जाईल अशा रीतीने ती दुसऱ्याच कोणाला उद्देशून केली गेली, आणि त्यामुळे सत्तेला नकार देण्याचीही सोय उरली नाही. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली.

कलम १२४-अ खालील कारवाई सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये थांबवली. जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेचे कलम १५२ लागू झाले. पण लेखकांच्या दीर्घ कैदेचे प्रश्न आता बहुधा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली उभे राहतात, जेथे खटल्याआधीचा तुरुंगवासच वर्षानुवर्षे चालतो. कोणतेही सरकार आपण मतांसाठी तुरुंगात टाकतो असे म्हणत नाही. १८९७ चेही म्हणत नव्हते. नागपूरचेच सुधीर ढवळे, ‘विद्रोही’चे संपादक, २०११ मध्ये पकडले गेले आणि २०१४ मध्ये गोंदियाच्या न्यायालयातून निर्दोष सुटले. २०१८ मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांना पुन्हा अटक झाली आणि उच्च न्यायालयाने जामीन दिला तो जानेवारी २०२५ मध्ये. याच प्रकरणातील तेलुगू कवी वरवरा राव यांना २०२१ मध्ये मिळालेला जामीन वैद्यकीय कारणास्तव होता. त्यांच्या सुटकेसाठी निघालेल्या बहुतेक निवेदनांत वय आणि आजार यांनाच अग्रस्थान होते. त्यात गैर काही नाही; माणूस आधी जगला पाहिजे. पण एकशे वीस वर्षांनंतरही यशस्वी अर्जाची रचना तीच आहे: शरीर पुढे, शब्द मागे.

नागपूर मध्यवर्ती कारागृहात ही रचना अधिक ठळकपणे दिसली. इंग्रजीचे अध्यापक जी. एन. साईबाबा यांना २०१७ मध्ये गडचिरोलीच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. चाकाच्या खुर्चीवरील या कैद्यासाठी देशाबाहेरून जी निवेदने आली त्यांत त्यांच्या शारीरिक अवस्थेवर भर होता. तुरुंगातून त्यांनी लिहिलेल्या कविता आणि पत्रे २०२२ मध्ये पुस्तकरूपाने आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्दोष ठरवले, तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि फेरसुनावणीनंतर ५ मार्च २०२४ रोजी खंडपीठाने पुन्हा निर्दोष मुक्तता केली. तो निकाल मंजुरीतील आणि पुराव्यातील दोषांवर उभा आहे, आणि न्यायालयाकडून याहून वेगळी अपेक्षा करण्याचे कारण नाही. ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारले. कवितांचे वाचन अजून व्हायचे आहे.